पातळ दूध

ताईबाईच्या लेकीला, दिपमालाला, धुळ्यात दुसरी मुलगी झाली, तिला अंगावरचं दूध पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं, त्याच वर्षाची ही गोष्ट. लेकीचं बाळंतपण उरकून ताईबाई धरणगावला कामावर परत आली आणि पहिल्याच सकाळी तिने तांब्यातल्या दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर धरला. थेंब टिकला नाही, ओघळून मनगटाकडे गेला.

"नाना, हाई दूध शे का पानी?"

पितांबर नाना खुर्चीत बसून चहा पीत होते. पोरक्या, जखमी रानजनावरांच्या त्या केंद्रात रात्रपाळी त्यांची, दिवसपाळी ताईबाईची. सकाळी जाण्याआधी दिवसभराचं दूध कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं काम नानांचं. ते कोमट करून पिचकारीने पाजायचं काम तिचं.

"मॅडमनी सांगं तसंच करेल शे, अक्का. एक चमचा भुकटी, दोन चमचा पानी."

"मॅडमनी कधी म्हैस दोयेल शे का?"

"हाई काय म्हैसनं पारडू शे? मांजर शे ती."

मांजर खरं, पण रानातलं. शिवारात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची गंजी हलवताना दोन पिल्लं सापडली होती. बिबट्याची म्हणून सगळं गाव जमलं. जळगावहून जनावरांच्या डॉक्टर कशिश मॅडम आल्या आणि रानमांजराची आहेत म्हणाल्या, तेव्हा गाव जरा हिरमुसलंच. पिल्लं तिथेच ठेवून वाट पाहिली, आई काही आली नाही. आधी शेजारच्या चांदभाईच्या बकरीचं दूध देऊन पाहिलं, तर पिल्लांना हगवण लागली. मग मॅडमने मांजराच्या पिल्लांसाठीच्या भुकटीचा डबा आणला आणि माप नीट समजावलं.

ताईबाईचा त्या डब्यावर विश्वास नव्हता, आणि नानांवर तर त्याहून नव्हता. ज्या दुधाचा थेंब नखावर उभा राहत नाही त्यात पाणी आहे, एवढं शहाणपण तिला सासरच्या गोठ्यात मिळालं होतं. त्यावर तिने जन्मभरात किती गवळी दारातून परत पाठवले असतील.

"नाना, तुमना चहा आज भलता धवळा दिखस."

"बकरीनं दूध शे, चांदभाईकडनं," नाना म्हणाले. "तुमले सारं दिखस, अक्का."

ते सायकल काढून गेले. ताईबाईने डबा उघडला, तांब्यात चमचाभर भुकटी टाकली, ढवळली आणि थेंब पाहिला. अजून एक चमचा टाकला. तेव्हा कुठे थेंब नखावर मोत्यासारखा बसला आणि तिचा जीव थंड झाला.

डबा भराभर उतरू लागला. नानांच्या ते ध्यानात आलं. अक्काची नात धुळ्याला, नातीला डब्याचं दूध; हिशेब जुळायला कितीसा वेळ लागतो? भुकटी पिशवीतून जात असणार आणि तांब्यात वर पाणी पडत असणार. बाईमाणसाला तोंडावर कसं विचारायचं? त्यांनी विचारलं नाही. पिल्लांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून ते आपलं दूध आधीच घट्ट कालवू लागले.

ताईबाई आता थेंब धरूनही पाहत नव्हती. संशय एकदा घरात येऊन बसला की पुरावा कोण मागतो? ती आली की डबा उघडायची आणि तिचे दोन चमचे टाकायची. नानाही जाताना डब्याकडे पाहायचे, मग तिच्या पिशवीकडे.

पिल्लं दोन्ही गोल दिसू लागली. ताईबाई खूश होती. मग धाकटी दूध तोंडात घेऊन तशीच सोडू लागली. दोन दिवस तिची शी झाली नाही. तिच्या मानेचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर तसंच उभं राहू लागलं. तेव्हा कुठे ताईबाईने मॅडमला फोन लावला.

मॅडम आल्या त्या नाना घरी निघायच्या वेळी. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्यांवरून बोट फिरवलं, मग डबा हलवला.

"महिनाभर पुरायला हवा होता हा. कुठे गेली भुकटी?"

मग दोघं एकदमच बोलले.

"नाना चहामा टाकतस."

"अक्का धुळ्याले नातीले धाडतस."

"मन्या नातीले मी मांजरनं दूध पाजसू का?" ताईबाईचा आवाज फाटला. "दोन चमचा मी टाकस. रोज. ह्या तांब्यामा. तुमनं दूध पातळ व्हतं."

"मी बी घट्टच करत व्हतू," नाना म्हणाले. "माले वाटनं, तुम्ही पानी टाकतस."

मॅडमने फ्रिजमधला तांब्या तिरपा केला. दूध काठाला चिकटून हळूहळू सरकलं.

"ही खीर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दूध पातळच असायला हवं होतं, अक्का. पिल्लांना वेगळं पाणी आपण देत नाही. जे काही पाणी मिळायचं ते त्यातूनच."

ताईबाईने विचारलं, "म्हंजे तिसले तहान लागेल व्हती?"

"हो."

मॅडमने दोन्ही पिल्लांच्या कातडीखाली सलाईन भरलं. थोरला दुपारी उठला, लघवी केली आणि ताईबाईच्या बोटाला चावला. धाकटी निपचितच होती. त्या दिवशी नाना घरी गेले नाहीत. त्यांनी दूध कालवलं आणि ताईबाई शेजारी उभी राहून बघत होती; मग तिने पाजलं आणि ते बघत उभे राहिले. पुढेही तसंच चाललं. दोघांपैकी एकट्याने डबा पुन्हा कधी उघडला नाही. चांगलं म्हणून नव्हे, एकमेकांची खात्री नव्हती म्हणून. आणि ताईबाईला तर आता स्वतःचीही नव्हती.

थोरला पावसाळ्यानंतर त्याच शिवारात सोडला. धाकटी मादी होती. ती आखाजीच्या, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळचं दूध कोमट व्हायच्या आत, ताईबाईच्या ओच्यात मेली.