दहावी खुंटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. संगणकाचे भाग माझ्यात बसवतात, म्हणून दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलू लागल्या की बहुधा तक्रार करतात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

एका कारखान्यात दाबयंत्राखाली माझा पत्रा वाकला, कडा रिव्हेटनी जोडल्या गेल्या आणि वर काळा रंग चढला. मग मी या घरात आले. इथले बाबा घरांचे नकाशे काढतात. अकरा वर्षं त्यांचं काम माझ्या पोटातल्या यंत्रावर चाललं. कुणी आलं की ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "नुसती दणकट आहे!" ते ऐकून मी फुशारून जाई. पुढे यंत्र थकलं, त्याचे भाग काढून टाकले आणि मी रिकामी माळ्यावर गेले. तिथे पालीनं माझ्यात दोन अंडी घातली. चार वर्षांत मला भेटायला आलेली ती एकटीच.

मग बाबांच्या मुलीला स्वतःचा संगणक हवासा वाटू लागला. तिनं आणि तिच्या मोठ्या मावशीनं तो घरीच जोडायचं ठरवलं. मावशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करत असे. आता ती निवृत्त आहे, इथेच राहते, आणि वर्षभरापासून तिचा उजवा हात थरथरतो. सगळे भाग नवे आले. पेटी मात्र जुनीच घ्यायची ठरली. "हिच्यासारखी आता मिळत नाही," असं म्हणत बाबांनी मला खाली आणून पुसलं.

माझ्या आतल्या पत्र्यावर छोट्या पितळी खुंट्या असतात. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, त्या खुंट्यांवर टेकते आणि पत्र्यापासून जराशी वर राहते. बोर्डाला जिथे भोक असेल, तिथेच खाली खुंटी हवी. भलतीकडे टेकली तर वीज चुकीच्या वाटेनं पत्र्यात उतरते. बाबांनी भोकं मोजून नऊ खुंट्या नीट लावल्या. पण जुना बोर्ड लहान होता. त्याची एक खुंटी अजून माझ्यात होती, ती काढायची राहिली. जे हवं ते आहे का, हे त्यांनी पाहिलं. जे नको ते आहे का, हे पाहिलं नाही. आणि मी गप्प बसले.

रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळं जोडून झालं. मुलीनं बटण दाबलं. पंख्यानं एक गिरकी घेतली आणि तो थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा एकच गिरकी.

"निदान वारा तरी आला," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

त्यांनी प्लग बदलला, रॅम काढून पुन्हा बसवली, बटणाच्या तारा तपासल्या. काही फरक पडेना. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, प्रोसेसर बसवताना तुझा हात हलला होता गं."

मावशीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हललाच होता. खालच्या पिना वाकल्या असतील."

"ताई, तसं काही नसेल हो," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मावशी उजवा हात मांडीखाली दाबून बसू लागली. चहाचा कप डाव्या हातानं उचलू लागली. शेजारची बाई बिघडलेली इस्त्री घेऊन आली, तर म्हणाली, "दुकानात द्या. माझा हात आता कामाचा नाही." मी टेबलावर उघडी पडून सगळं ऐकत होते. खुंटी बोर्डाच्या पाठीत रुतली होती, ते मला एकटीला कळत होतं. कौतुकाच्या थापा घेताना मी पुढे होते. दोष घ्यायची वेळ आली, तेव्हा माझ्याऐवजी तो एका माणसाच्या हातावर गेला.

पाचव्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती तडक माझ्याकडे. तिनं प्रोसेसर काढला, भिंग लावून बराच वेळ पाहिलं, आणि मावशीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पिना सरळ आहेत. सगळ्या."

"मग दुसरं काहीतरी गेलं असेल माझ्या हातून."

"पुरावा?"

मावशीनं मान वर केली. "आगाऊ आहेस."

"तूच शिकवलंस."

मावशी उठली. "बोर्ड पेटीतून बाहेर काढ. पुठ्ठ्यावर ठेव आणि तिथेच जोड."

पुठ्ठ्यावर बोर्ड चालू झाला. पंखा फिरला, पडदा उजळला. मग बोर्ड पुन्हा माझ्यात ठेवला. एक गिरकी, बंद. बाहेर काढला, चालू. माझ्यात ठेवला, बंद. मित्रांनो, धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

मावशीनं माझ्या पोटात टॉर्च मारला. "भोकं किती?"

"नऊ."

"खुंट्या मोज."

मुलीनं बोट ठेवत मोजल्या आणि दहाव्या खुंटीवर तिचं बोट थांबलं. बाबा वाकून बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आरोपी मीच! ताई, पाच दिवस तुम्ही उगाच..."

"मावशी, मी तुला बोलायला नको होतं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"तू जे पाहिलंस ते बोललीस. मी न पाहताच मान्य केलं. जन्मभर उपकरणं तपासली आणि स्वतःच्या हाताला मात्र न तपासता दोषी ठरवलं."

मग तिनं पक्कड उचलली, उजव्याच हातात. हात थरथरत होता. पक्कड दोनदा निसटली, माझ्या रंगावर ओरखडा उठला. मुलगी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. मध्ये पडली नाही. तिसऱ्या वेळी खुंटी सुटली.

आता माझ्यात तो संगणक रोज चालतो. तरी ते पाच दिवस माझ्या मनातून जात नाहीत. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर पुन्हा कामाला लावा, पण त्यांची स्तुती ऐकून फसू नका. आधी आत उजेड पाडा आणि नको ते राहिलंय का, ते शोधा. आणि काही बिघडलं, तर कुणाच्या हातांकडे बोट दाखवण्याआधी सगळं बाहेर काढून पाहा. मला बोलता येत नाही. तुम्हाला बघता येतं.