सात ठिगळांची बोट

मी एक जुनी रबरी बोट आहे आणि माझ्या पोटावर सात ठिगळे आहेत. पाच काळी, दोन नारिंगी. मित्रांनो, माझा मूळ रंगही नारिंगीच, पण उन्हाने तो पार उडाला आहे. म्हणून ती दोन नारिंगी ठिगळे लांबूनही नजरेत भरतात. ती कुठून आली, तेच आज सांगणार आहे.

कारखान्यातल्या एका बाईने एकाच गुंडाळीच्या रबरातून आम्हा दोघी बहिणींना कापले आणि सांधे चिकटवून उभे केले. जोडीतली एकच बोट पाण्यात तपासायची, अशी तिथली पद्धत होती. त्या बाईने मला उचलून हौदात सोडले. बहीण शेजारच्या टेबलावर घडी होऊन पडली होती. "गार असतं का गं पाणी?" तिने विचारले. मला उत्तर सुचायच्या आत आम्ही दोघी खोक्यात बंद झालो.

खोके उघडले ते एका लहानशा नगरपालिकेच्या भांडारघरात. तिथल्या नदीकाठी खालची गल्ली आहे, सोळा घरांची. पूर्वी एकदा नदी चढली तेव्हा ती सोळा घरे दोन दिवस छपरांवर बसून होती. गावात एकही बोट नव्हती. भांडारघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असत त्या ताईंनी ते पाहिले होते. त्यांनी संकटाच्या तयारीसाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा अर्ज लिहिला. पहिला अर्ज परत आला, दुसरा कुठल्याशा टेबलावर हरवला, तिसरा मंजूर झाला. सोबत एक अट होती : वस्तू सुस्थितीत ठेवाव्यात. दरवर्षी तपासणीस येऊन पाहतील आणि त्यांचा शेरा चांगला असेल तरच पुढचे अनुदान मिळेल. ही एवढीशी ओळ आम्हा बहिणींच्या आयुष्यात आडवी आली.

पहिल्याच आठवड्यात ताई कात्री घेऊन आमचे वेष्टन कापायला आल्या. मागोमाग नगरपालिकेचे साहेब धावत आले.

"अहो ताई, काय करताय? नव्या कोऱ्या बोटींना तलावातला चिखल लावणार? मग तपासणीला काय दाखवायचं, माझं डोकं?"

"साहेब, ज्यांनी आयुष्यात वल्हं हातात धरलं नाही, ते पुरात काय दिवे लावणार?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी तोडगा निघाला की एक बोट सरावाला आणि एक तपासणीला. ताईंनी मला उचलले, कारण मी फळीवर पुढे होते. दुसरे काहीही कारण नव्हते. अजूनही कधीकधी मला वाटते, बहीण पुढे असती तर?

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दर महिन्याला अग्निशमनाच्या गाडीचे चालक, म्हणजे सगळ्यांचे दादा, मला तलावावर न्यायचे. खालच्या गल्लीतली माणसे आळीपाळीने माझ्यात बसायची. कुणी कुठे बसायचे, आधी कुठला पाय टाकायचा, हे ताई शिकवायच्या. शिंपीकाका पहिल्या दिवशी थेट पाण्यात पडले आणि शिंपीकाकू पोट धरून हसल्या. काटे लागले, दगड लागले, मला ठिगळे पडत गेली. परत आल्यावर ताई मला पुसायच्या, पांढरी पावडर लावायच्या आणि दर वेळी वेगळी घडी घालायच्या.

फळीवर आले की बहीण विचारायची, "आज कसं होतं?" मी सगळे सांगायचे. कडेच्या झाडांची सावली पाण्यात कशी लांब होते, वल्ह्यामागे गोल गोल भोवरे कसे फिरत राहतात. दुपारी सामसूम झाली की भिंतीमागच्या नळीतून पाणी खळखळायचे. आम्ही दोघी ते ऐकत पडायचो. हळूहळू फळी हलू लागायची. बादल्या, दोरखंड, मोडक्या खुर्च्या, सगळे अलगद तरंगू लागायचे आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी कुठेतरी लांब निघायचो. मग कुणीतरी कुलूप उघडायचे आणि सगळे पुन्हा जागच्या जागी बसायचे.

तपासणीस यायचे, बहिणीच्या वेष्टनावर थाप मारायचे. "वा! आली तशीच आहे." मला पाहून मात्र नाक मुरडायचे. "हे काय ध्यान? काढा भंगारात." तसा कागदही निघाला. ताईंनी तो खणात ठेवला. साहेबांनी विचारले की त्या म्हणायच्या, "शोधते हं साहेब." असे त्या दोन वर्षे शोधत होत्या.

आणि एका सकाळी नदी चढली. बघता बघता खालची गल्ली पाण्यात गेली. माणसे पुन्हा छपरांवर चढली.

"नवी काढा, नवी!" साहेब ओरडले. इतकी वर्षे जपलेली बोट आज कामाला येणार म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. बहिणीचे वेष्टन कापले. पत्र्याखालच्या उकाड्यात, एकाच घडीत इतकी वर्षे पडून तिचे रबर चिकटून बसले होते. उलगडताना ते तडतडले. पण हवा भरली आणि ती इतकी देखणी दिसली की मीसुद्धा बघत राहिले.

दादा तिला घेऊन निघाले. जेमतेम अर्ध्या वाटेवर ती घडीच्या रेषेवर उसवत गेली. दादा काठाला बांधलेल्या दोराला धरून कसेबसे काठावर आले. ते मागे वळून पाहत होते. ती पाण्यावर पसरली, आणि मिटली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पाणी तिला एकदाच मिळाले. मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी यायला हवे होते.

"आता ही," ताई म्हणाल्या आणि मला हवा भरू लागल्या. साहेब खाली बसून पंप दाबत होते.

मी अकरा फेऱ्या केल्या. कुणाला काही सांगावे लागले नाही. ज्याला त्याला आपली जागा ठाऊक होती. शेवटच्या छपरावर शिंपीकाका शिवणयंत्राला मिठी मारून बसले होते.

"मशीन सोडून मी येणार नाही!"

"मग बसा दोघं. मी निघाले," म्हणत काकूंनी बरोबर उजवा पाय माझ्यात टाकला. काका मुकाट्याने मागे आले. सोळाही घरे काठाला लागली.

पाणी ओसरल्यावर ताईंना बहीण कुंपणाला अडकलेली सापडली. घड्या सोडून मधले रबर अजून चांगले होते. माझ्याही पोटाला त्या दिवशी दोन जखमा झाल्या होत्या. ताईंनी बहिणीचे दोन तुकडे कापले आणि माझ्या जखमांवर चिकटवले. त्या वर्षी तपासणीसांनी माझ्या ठिगळांनाच चांगला शेरा दिला. पुढच्या अनुदानातून नवी बोट आली तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, कात्री द्या इकडे." आणि त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः वेष्टन कापले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत, जिन्याखाली अशी एखादी वस्तू असेल. अडीअडचणीसाठी आणलेली, नवी कोरी, कुलपात. तिला बाहेर काढा. हाताळा, मळू द्या, फाटली तर सांधा. तिलाही तेच हवे असते.

आजही मी तलावावर जाते. दादा मला पाण्यात सोडतात आणि आधी ती दोन नारिंगी ठिगळेच भिजतात. मी तिला दर वेळी विचारते, "गार आहे ना गं?"