मी दारात मावत नाही

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. वाकडी आहे, जड आहे आणि दारात मावत नाही. तरी माझी कीव करायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. कीव करणाऱ्यांनीच मला फार छळलं आहे.

जन्माने मी खुर्ची नव्हे. मी हातमाग होते. बाबनरावांनी माझ्यावर बसून ऐन उमेदीतली वर्षं लुगडी विणली. मग लुगडी नेसणाऱ्या कमी झाल्या, माग बंद पडला आणि बाबनराव मनीषनगरातल्या एका इमारतीवर चौकीदार म्हणून लागले. माझी लाकडं न्हाणीमागे टाकून दिली. त्यांची बायको तुळजाबाई एकदा मला घेऊन चुलीकडे निघालीच होती. "पाणी तापवाले होईन," म्हणाली.

"थांब वं, दम धर जरा," बाबनराव म्हणाले. "काजलले खुर्ची करतो याची."

काजल ही त्यांची नात. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला इजा झाली, तेव्हापासून तिचं अंग तिचं ऐकत नाही. मान कलते, हात भलतीकडे जातात, एक शब्द उच्चारायला वेळ लागतो. डोकं मात्र असं तल्लख की पाढे म्हणताना कोणी चुकलं तर ही आधी हसते! तिच्या शाळेत, हुडकेश्वरला, बाकावरून ती घसरायची. म्हणून तिची आई तिला ओढणीने बाकाला बांधून जायची. माणसाचं लेकरू आणि बांधून ठेवायचं! मला आजही याचा संताप येतो.

विशेष मुलांना शिकवणाऱ्या माया मॅडम दर मंगळवारी शाळेत येत. त्यांनी काजलचं माप घेतलं आणि बाबनरावांनी मला घडवलं. ती उजवीकडे कलते, म्हणून माझा उजवा हात उंच. पुढे रुंद फळी, तिला काठ, म्हणजे पेन्सिल खाली पडणार नाही. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या. आणि मुख्य गंमत ऐका. माग काही अख्खाच्या अख्खा दारातून आत आणत नाहीत. त्याची लाकडं आत नेतात आणि खोलीतच तो उभा करतात. बाबनरावांना तीच सवय. त्यांनी मला काजलच्या चौथीच्या वर्गातच उभी केली. दाराचं माप घ्यायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

लोक मला बघून म्हणत, "कसली वाकडी खुर्ची!" अहो, वाकडी कसली? मी काजलच्या मापाची होते. तुमच्या मापाची नव्हते, एवढंच. माझ्यावर बसून ती पहिल्यांदा फळ्याकडे सरळ बघू लागली, आणि त्या दिवशी मला मागापेक्षा मोठं काम मिळाल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर मुख्याध्यापिका सुहासिनी मॅडमच्या मनात आलं, काजलला वेगळं बसवावं. शाळेची खिचडी शिजते त्या खोलीशेजारी एक खोली होती, मोडक्या बाकांची आणि सतरंज्यांची. तिच्या दारावर 'विशेष कक्ष' अशी पाटी लावली. "तिथे शांत वाटेल तिला. तिच्या भल्यासाठीच आहे," त्या म्हणाल्या. मंगळवारी माया मॅडम येतील, आणि बाकीचे दिवस? बाकीचे दिवस काजल आणि सतरंज्या! असलं भलं जळो मेलं.

बुधवारी शिपाई रुपराव मला न्यायला आला. काजल माझ्यावरच बसलेली होती. त्याने मला ढकललं, ओढलं, आडवं वळवून पाहिलं. मी दारात अडकले ती अडकलेच. खरं सांगते, अंग चोरायचा मी जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

"मॅडम, हे काई निघून नाही राहिलं!" तो घाम पुसत ओरडला.

"काहून नाही निघत? मग आत कशी आली?" मॅडमनी विचारलं.

शेवटी सुहासिनी मॅडम म्हणाल्या, "एक हात कापून टाका. पोरीला आधी उचलून घ्या." रुपरावाने मला मागे घेतलं आणि करवत आणली. त्याला कापायचा होता माझा उजवा हात. तो गेला की काजल परत घसरणार, परत ओढणी येणार.

काजलची मूठ एकदा वळली की सुटता सुटत नाही. त्या मुठीपायी तिला पेन्सिल धरता येत नसे, रोज रडू यायचं. त्या दिवशी ती मूठ माझ्या उजव्या हातावर वळली. रुपरावाने एक बोट सोडवलं की दुसरं घट्ट होई. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मी... नाही... जात," ती म्हणाली.

रुपरावाने करवत भिंतीला टेकवली. "माह्याच्यानं नाही होत, मॅडम. तुम्ही कापा." मॅडम निघून गेल्या. आम्ही दोघी जिथे होतो तिथेच राहिलो.

काजल चौथी पास झाली. जूनमध्ये पोरं दप्तरं घेऊन शेजारच्या पाचवीच्या वर्गात पळाली आणि मी आपली चौथीतच! आता आली का पंचाईत? बाबनरावांना बोलावलं. त्यांनी माझ्या पाचरी चाचपून पाहिल्या.

"सोडतो मी, पण एकदा सोडली का पयल्यासारखी घट्ट बसन का नाही, सांगता येत नाही," ते म्हणाले.

काजल माझ्यावर बसून ऐकत होती. तिने दाराकडे मान वळवली, वेळ घेतला आणि म्हणाली, "आबा... दार... कापा."

कोणीतरी हसलं. सुहासिनी मॅडम हसल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात एक चाकांची खुर्ची उभी होती. साहित्यवाटपाच्या शिबिरात काजलला मिळालेली, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तीसुद्धा या दारातून कधी आत आली नव्हती. मॅडमनी त्या चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रुपराव, करवत आणा. आणि पहार."

मित्रांनो, जुन्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणत. मला तेलपाणी नको, कौतुक तर नकोच. तुमच्या वर्गाचं दार मोजा. कोण त्याच्या बाहेर राहिलं आहे ते बघा. आणि कोणी म्हणालं की हे तिच्या भल्यासाठी आहे, तर आधी तिला विचारा.

तीच करवत त्या दिवशी चौकटीवर चालली. दाराचे दोन्ही खांब निघाले. काजलला बसवूनच पोरांनी मला बाहेर ओढलं, असा गलका केला की खिचडीवाल्या बाई बघायला आल्या. व्हरांडा ओलांडून आम्ही पाचवीच्या दाराशी पोचलो.

तेही दार तेवढंच अरुंद.

पोरं थांबली. काजलने रुपरावाकडे बघितलं. त्याने करवत अजून खाली ठेवलीच नव्हती.