आप्पांची तीनशे वाक्यं

धनाजी फडतऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, आवाज मंगळवारी जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घशाचा कॅन्सर होता आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. जासईच्या कंटेनर यार्डात बावीस वर्षं क्रेनच्या वर आवाज चढवून नंबर सांगितलेला माणूस. डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन रोजच्यासारखे जेवले.

त्यांच्या मुलीला, प्राचीला, मात्र काहीतरी करायचं होतं. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिला सांगितलं होतं की तीनशे वाक्यं रेकॉर्ड करून एका वेबसाइटवर टाकली, तर कॉम्प्युटर त्या आवाजाची नक्कल तयार करतो. मग आप्पांनी फोनवर लिहायचं आणि फोनने त्यांच्या आवाजात बोलायचं. दोनच अटी होत्या. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ हवं, आणि घसा नाजूक आहे म्हणून दिवसाला शंभरच्या वर वाक्यं वाचायची नाहीत.

शिरवण्याचा ऋषी तिचा कॉलेजपासूनचा मित्र, घरीच गाणी रेकॉर्ड करणारा. त्याने माइक दिला आणि त्याच्यासोबत इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा एक छोटा डबा. जोडायचं कसं ते दाखवून तो एका कार्यक्रमासाठी नाशिकला गेला.

गुरुवारी उलव्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दारावर गोधडी टांगली. आप्पांनी शंभर वाक्यं वाचली. ‘पाहुणे उद्या सकाळच्या गाडीनं येणार आहेत.’ ‘या पिशवीत काय आहे?’ घामाने बनियन भिजला, पण आवाज खणखणीत होता. प्राचीने हेडफोन लावून ऐकलं. जवळजवळ प्रत्येक वाक्यात तडतड होती, तापलेल्या तेलात पाणी पडल्यासारखी. वेबसाइटने शंभरातली त्र्याऐंशी वाक्यं परत पाठवली.

शुक्रवारी तिने वायर बदलली, इंटरफेसचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. आप्पांनी तीच शंभर वाक्यं पुन्हा वाचली, दुपारी आणखी एकदा. तडतड तशीच. फोनवर ऋषीने सेटिंगमधला बफर वाढवायला सांगितलं, सॅम्पल रेटचा आकडा लॅपटॉप आणि इंटरफेस दोन्हीकडे एकच ठेवायला सांगितला. त्याने तडतड कमी झाली, गेली नाही. शनिवारी ती नवीन काही बदलायची आणि आप्पा न कुरकुरता पहिल्या वाक्यापासून सुरू करायचे. किती झाली हे कुणी मोजलं नाही. संध्याकाळी मीनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“पुरे आता. घसा सोलून निघालाय त्यांचा.”

“आई, एकदाच. शेवटचं.”

आप्पांनी बायकोला हातानेच जा म्हणून खुणावलं आणि कागद उचलला.

रविवारी सकाळी ऋषी नाशिकहून थेट उलव्याला आला. त्याने इंटरफेस यूएसबी हबमधून, म्हणजे चार पिना एकत्र लावायच्या जोडपट्टीतून, काढून सरळ लॅपटॉपला लावला, वाय-फाय बंद केलं, बॅटरी वाचवण्याची सेटिंग काढली. दहा मिनिटंही लागली नाहीत. प्राचीने माइकसमोर एक ते वीस आकडे म्हटले आणि ते स्वच्छ ऐकू आले.

“मग आधीचंही साफ करता येईल ना?” तिने विचारलं.

“ती घाण नाहीये, प्राची. लॅपटॉप मध्येच दुसऱ्या कामाला जात होता, तेवढा आवाज आत गेलाच नाही. भोकं आहेत ती.”

आप्पा माइकसमोर बसले. घसा खाकरला. ‘पाहुणे’ म्हणाले आणि पुढे नुसता वारा आला. पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत एकेचाळीस वाक्यं झाली, सगळी घोगरी, अर्धी फुसफुसलेली. वेबसाइटने एकही परत पाठवलं नाही; तीनशे नसली तरी तेवढ्यांवरच नक्कल तयार होणार होती. सोमवारी त्यांना ॲडमिट केलं.

नक्कल तयार होऊन आली तेव्हा ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. प्राचीने ती आप्पांच्या फोनमध्ये घातली आणि त्यांनी बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं. फोनमधून कुणीतरी दमेकरी म्हातारा म्हणाला, “मीना, चहा टाक.”

मीनाबाई स्वयंपाकघरातून आल्या नाहीत. त्यांना वाटलं, टीव्ही लागलाय.

प्राची माफी मागायला लागली. शंभरच्या वर जायचं नाही हे तिला माहीत होतं, तिनेच ते ऐकलं होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो किती वेळ ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग ते उठले आणि चहाचं खुणेनं सांगायला स्वतःच आत गेले.

ऋषीचं सामान परत करायला ती शिरवण्याला गेली, तेव्हा त्याने दारातच विचारलं, रेकॉर्डिंग चाललं का. ती म्हणाली, हो, अगदी स्वच्छ आलं.