नर्सबाईंचा सल्ला

भुताच्या गोष्टी लिहून स्वतःच नेटवर टाकणाऱ्या लेखकाला वाचक मिळेनात, तेव्हा या पठ्ठ्याने एक वाचक बाई चक्क पैदा केली. निवृत्त नर्सबाई! खोट्या खात्यावरून बाई त्याच्या प्रत्येक कथेचं तोंड भरून कौतुक करायच्या आणि खाली लिंक चिकटवायच्या. त्यांच्या शब्दावर शंभरेक माणसं वाचायला आली. लेखक खूश.

आज दुपारी बाईंना एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. "ताई, तुम्ही नर्स होतात म्हणून विचारते. सकाळपासून आई हाक मारली तरी डोळे उघडत नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघू का?"

लेखकाला तर साधा ताप मोजता येत नव्हता. "अजिबात थांबू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," असं त्याने घाईघाईने लिहून पाठवलं. मग बघतो तर काय, हाताच्या सवयीने खाली शवागारातल्या भुताच्या कथेची लिंकही गेली होती! ती पुसेपर्यंत उत्तर आलं.

"निघालोच, ताई. तिथे बाकावर बसून तुम्ही पाठवलेली गोष्ट वाचते. तुम्ही सोबत आहात असं वाटेल."