एकाने पुढे

वही नवरा-बायकोची मिळून एकच होती. डाव्या पानांवर त्याची शिखरं, उजव्या पानांवर तिची. नियम तिने घातलेला: सगळ्यात वरच्या दगडाला तळहात टेकला तरच शिखर धरायचं, आणि नोंद आपली आपण करायची नाही, दुसऱ्याने करायची. म्हणून त्याची पानं तिच्या अक्षरात होती आणि तिची त्याच्या. त्याची अठ्ठावन्न, तिची सत्तावन्न.

तिला जाऊन सात महिने झाले होते. रविवारी सकाळीच मेहुणी वही न्यायला आली. गिर्यारोहण मंडळाचा कारभार तीच बघायची. मंडळाच्या भिंतीवर दरवर्षी फळा रंगवत. एका आकड्याला एक ओळ, आणि तेवढी शिखरं झालेल्यांची नावं त्या ओळीत.

"द्या वही, भाऊजी. पेंटर खोळंबलाय."

त्याने वही पुढे केली, पण सोडली नाही.

"आता काय, रस्सीखेच खेळायची?"

"ह्यातलं माझं एक खोटं आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माथ्याच्या जरा खाली बायकोचा पाय मुरगळला. ती दगडावर बसली आणि म्हणाली, तुम्ही जाऊन या. वर धुकं दाट होतं. त्याने वरच्या दगडाला हात टेकला आणि फिरला. उतरताना धुकं फाटलं तेव्हा दिसलं, मागे आणखी एक उंचवटा होता, पुरुषभर उंच. परत जायला पाच मिनिटं लागली असती. पण खाली ती कळवळत होती.

"टेकला ना हात?" तिने विचारलं.

"टेकला."

तिने तिथेच लिहून टाकलं. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस तो. केसाएवढा फरक पडला तरी स्वतः कातलेला भाग स्वतःच भंगारात टाकायचा. इथे मात्र मूग गिळून बसला. उद्या सांगू, परवा सांगू. तिने मात्र चिडवायची एक संधी सोडली नाही. "एकाने पुढे आहात, मग भाजी आणायलाही पुढे व्हा!"

"दवाखान्यात तिने वही मागितली," तो मेहुणीला म्हणाला. "चाळली आणि म्हणाली, एकाने हरले बघा. मी सांगणारच होतो, तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली. मग राहूनच गेलं. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही."

मेहुणी समोरच्या खुर्चीत बसली.

"आणि मी तुम्हाला भोळे समजत होते!"

"शिव्या दे."

"देते, चालता चालता. बूट घाला. शिखर काही पळून गेलेलं नाही."

बसने तासभर, मग चढ. त्याचे गुडघे कुरकुरत होते.

"गुडघे वाजतायत की अक्रोड फोडताय?"

"तुझी बहीण बरी होती. चढताना तरी गप्प बसायची."

आज आभाळ स्वच्छ होतं. पहिला उंचवटा आला. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढे पंचवीस पावलं, मग हातापायांनी थोडं वर. सगळ्यात वरचा दगड उन्हाने तापला होता. त्याने एक तळहात टेकला, मग दुसराही. बराच वेळ उचलले नाहीत. मेहुणी उगाच पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसली.

मग तिने पिशवीतून वही आणि पेन काढलं. "जुनी नोंद खोडते, आजची लिहिते. अठ्ठावन्नची अठ्ठावन्न."

"जुनी खोड. आजची लिहू नकोस."

"का? पोचलात की!"

"लिहिणारी नाही."

"सख्खी बहीण आहे मी तिची."

"तिने चालवून घेतलं असतं?"

मेहुणीने विचार केला आणि खुदकन हसली. "वही फेकून मारली असती."

तिने जुन्या नोंदीवर सरळ रेघ मारली. "सत्तावन्न. म्हणजे फळ्यावर दोघं एका ओळीत."

"नाव आधी तिचं घाल. मी सगळ्यांदेखत भांडण हरायला तयार आहे."

"एवढी वर्षं हरतच होतात की."

"हो," तो म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला, दगडाला पाठ टेकून बसला आणि तिच्या पिशवीकडे बघितलं.

"खायला काय आणलंयस?"

मेहुणीने दोघांपुरते चार पाव आणले होते. तिला एकच मिळाला.