खोलीत कोण होतं

पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी हजेरीची वही उघडून ताईसमोर सरकवली आणि टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. कालच्या ओळीत येण्याची वेळ ताईच्याच अक्षरात होती. जाण्याची जागा कोरी होती.

"साडेपाच लिही," मोठ्या बाई म्हणाल्या. "रोजच्यासारखं."

ताईने पेन धरलं, पण कागदाला टेकवलं नाही.

काल सव्वादहाला तिच्या वडिलांच्या शेजाऱ्यांचा फोन आला होता. वडील न्हाणीघरात घसरले होते, डोक्याला खोक पडली होती आणि त्यांना दवाखान्यात नेत होते. पाळणाघरातल्या तीन-चार वर्षांच्या चौदा मुलांच्या खोलीत पदविका असलेली ती एकटीच; मोठ्या बाई नुसता कारभार बघायच्या. दुसरी शिक्षिका दोन महिन्यांपूर्वी सोडून गेली. जाहिराती देऊन देऊन मोठ्या बाई थकल्या, पण नियमात बसेल अशी एकही फिरकली नाही. नियम तर सरळ होता. मुलं खोलीत आहेत तोवर प्रशिक्षित शिक्षिका खोलीत हवीच. नसेल तर पालकांना बोलावून मुलं घरी धाडायची. पण मोठ्या बाईंनी ताईचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, तू नीघ, पोरांपाशी मावशी आहेत, बाप काही पुन्हा मिळत नाही. ताई पायांत चपला सरकवून बसकडे धावली. वडिलांना सहा टाके पडले होते. तिला बघून ते एवढंच म्हणाले, पोरांना टाकून कशाला आलीस?

इकडे अकराच्या सुमारास खोलीतल्या घसरगुंडीच्या शिडीवरून भिंगरी पडली. पोरीचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून मावशींनीच तिला हे नाव ठेवलेलं. मनगटाशी हाड मोडलं. मुलाचं हाड मोडलं की सरकारी खात्याला कळवावंच लागतं, त्यामुळे आज तपासनीस येणार होत्या.

"तू असतीस तरी ती पडलीच असती," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग तू होतीस म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच बिघडत नव्हतं, आणि तेच ताईला टोचत होतं. खरं बोलावं तर खोलीला टाळं लागणार, चौदा घरांची तारांबळ उडणार. शिवाय ज्या मोठ्या बाईंनी माणुसकीने तिला जा म्हटलं, त्यांच्याच गळ्याला फास. तिने वही मिटली. नंतर लिहिते म्हणाली.

तपासनीस बाई किरकोळ अंगाच्या, हळू बोलणाऱ्या निघाल्या. सोबत आलेल्या खात्यातल्या प्रशिक्षित बाईंना त्यांनी मुलांपाशी बसवलं, मोठ्या बाईंना बाहेर थांबायला सांगितलं आणि ताईला आणि मावशींना ऑफिसात बोलावून घेतलं. मावशी तिथे अकरा वर्षं होत्या. कागदोपत्री त्या मदतनीस. मुलांचे हात धुवायचे, ताटं लावायची, ओले कपडे बदलायचे. खोली सांभाळायची नाही.

तपासनीसांनी आधी मावशींनाच विचारलं. मावशी अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पण बोलताना अडखळल्या नाहीत. ताई होत्या, त्या म्हणाल्या. भिंगरी पडली तर ताईंनी तिला ओढून उठवलं नाही, आधी बोटं हलतात का ते बघितलं. मग गोष्टींचं जाड पुस्तक हाताखाली धरलं आणि अ‍ॅप्रनने घट्ट बांधून टाकलं. बाकीची पोरं तिचं बघून रडायला लागली असती, म्हणून त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मोठ्याने गाणं म्हणायला लावलं. मोठ्या बाई पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरांनी विचारलं, एवढं छान कुणी बांधलं?

ताई हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. पदविकेला प्रथमोपचाराचा धडा तिने तोंडपाठ केला होता. पुस्तकाची फळी करायचं तिला सुचलं असतं की नाही, देव जाणे.

"प्रशिक्षणाचा हा असा उपयोग होतो," तपासनीस लिहिता लिहिता म्हणाल्या. "अहवालात तुमचा खास उल्लेख करते. अ‍ॅप्रन तुमचाच होता?"

ताईने मावशींकडे पाहिलं. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"मावशींचा," ताई म्हणाली. "बांधला त्यांनीच. सगळं त्यांनीच केलं."

पेन थांबलं.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"बसमध्ये."

म्हणून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. ज्याचं माप त्याच्या पदरात घातलं, असं तिला वाटलं. ती मावशींकडे बघून किंचित हसलीसुद्धा. तपासनीसांनी लिहिलेल्यावर एक आडवी रेघ मारली, कोरा कागद घेतला आणि मावशींना पूर्ण नाव विचारलं. मग शिक्षण.

"सातवी," मावशी म्हणाल्या.

"मुलांपाशी एकट्या किती वेळ होतात?"

मावशींनी उत्तर दिलं, ते ताईला नीट ऐकूही आलं नाही.

दुपारी चारला निकाल हातात पडला. दुसरी शिक्षिका मिळेपर्यंत खोली सोमवारपासून बंद. मोठ्या बाईंना नोटीस, ताईला लेखी ताकीद. आणि पात्रता नसताना एकटीने मुलांचा ताबा घेतल्याबद्दल, चौकशी संपेपर्यंत मावशींना कुठल्याही पाळणाघरात काम करायला मनाई, आजपासून. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि ताईकडे पाठ करून त्या पालकांना फोन लावायला बसल्या.

पाचला मुलं जायला लागली. मावशी आपली पिशवी भरून दाराशी उभ्या होत्या. ताई जवळ गेली.

"मावशी, मला राहवलं नाही. तुम्ही केलेलं माझ्या नावावर लागत होतं."

"मग लागू द्यायचं, ताई," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी मागितलं होतं का?"

तेवढ्यात शेवटचं पोर धावत आलं. बाहेर त्याची आजी थांबली होती. ते सवयीने मावशींसमोर जाऊन उभं राहिलं आणि सँडलचा सुटलेला पट्टा लावायला त्याने पाय पुढे केला.

मावशी निम्म्या वाकल्या आणि तशाच सरळ झाल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले.

"तुम्हीच लावा," त्या म्हणाल्या. "मला आता चालत नाही."